खिडकीकडचा उतार

हिरव्या कापडावरून तळहात फिरला की एक आवाज येतो. अगदी बारीक, नागली पाखडून झाल्यावर रिकाम्या सुपावरून कुणी हात फिरवावा तसा; आणि माघातल्या कोरड्या संध्याकाळी, पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं पिवळं ऊन पूलच्या टेबलावर आडवं पसरलेलं असताना, खालच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली खडखड क्षणभर थांबली, तरच तो ऐकू यायचा. दौलतदादा खेळायला उभे राहण्यापूर्वी टेबलाच्या चारही कडांनी असा हात फिरवत जायचे. सावकाश, बोटं सैल सोडून, नजर भलतीकडेच. बाकीचे खेळाडू स्टिकला खडू लावत, मानेची हाडं मोडत, चहाचे पेले रिकामे करत. यांचं आपलं गोंजारणं चालू. नवख्या माणसाला वाटे, धूळ पुसतायत.

तो हात मी सव्वीस वर्षं पाहिला. दौलत भोये आमच्या सातपूरच्या कंपनीत ग्राइंडरवर होते. पोलादाचा तुकडा यंत्राखालून निघाला की मोजायच्या आधी ते त्यावरून अंगठा फिरवत आणि सांगत, एवढा एवढा जास्त आहे. मोजणारा मोजून हसत असे, कारण आकडा तोच निघायचा. पेठच्या पलीकडचं त्यांचं गाव. आईबापाच्या पाठीमागे द्राक्षांच्या बागांत मजुरीला म्हणून आले, बागेतून कंपनीत हेल्पर, हेल्परचे कारागीर झाले, पण कायम काही झाले नाहीत. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदले, छातीवरचा बिल्ला बदले, बिल्ल्यावरचा नंबर बदले. माणूस तोच, यंत्र तेच, आणि दुपारच्या डब्यात नागलीची भाकरीही तीच. मी त्याच कंपनीत फिटर, म्हणून ते मला नावाने कधी बोलावत नसत. "ओ फिटर," एवढंच.

पूल लीगमध्ये मला त्यांनीच ओढलं. खरं सांगायचं तर खेळाची मला काडीची हौस नव्हती. पण पहिली पाळी साडेतीनला सुटायची, आणि पाच ते सात आमच्या घरात हिच्या शिकवण्या चालायच्या. दोन खोल्यांत बारा पोरं आणि पाढ्यांचा गजर, त्यात मी दारामागे बसलेलो, जप्तीच्या सामानासारखा. गुडघे कुरकुरत होते, मुलगा पुण्याला गेला होता, बोलायला उरलं होतं ते ब्लडप्रेशर आणि नळाचं पाणी. एका संध्याकाळी दौलतदादा म्हणाले, "फिटर, रस्त्यानं नुसतं हिंडून काय करता? चला, खैरनारकडं नाव घालू तुमचं." खैरनार म्हणजे हॉलचा मालक, सटाण्याकडचा गडी, पोट सुटलेला, मनाने बरा. त्याने पुढे केलेल्या अर्जावर खेळाचा अनुभव असा रकाना होता. मी लिहिलं, कॅरम. खैरनार म्हणाला, चालतंय, इथे सगळे असेच आलेत.

शहरातल्या आठ हॉलांची ती हौशी लीग. दर रविवारी दुपारी कुठल्या तरी हॉलात पाच पाच जणांचे संघ समोरासमोर उभे राहत, पाच डाव होत, तीन जिंकेल तो संघ वर सरके. आमच्या संघाचं नाव 'सेकंड शिफ्ट'. पाचही जण कंपन्यांतले, पहिली पाळी करून थकलेले, दुसरीला खेळायला आलेले. रविवारीही तो थकवा अंगातून जात नसे. खुर्चीत बसलं की पाय आपोआप लांब व्हायचे, आपली पाळी आली हे दुसऱ्याने सांगावं लागायचं. हरलो तरी कुणाला फारसं लागत नसे आणि जिंकलो तरी फार ओरडा होत नसे.

फक्त दौलतदादा टेबलाशी उभे राहिले की सगळ्यांचे पाय जवळ यायचे. हा माणूस इतका हळू मारायचा की पांढरा बॉल निघाला की नाही अशी शंका यावी. पूलमध्ये लोक मारतात ते फटाके फोडल्यासारखं, सगळं अंग घालून. दौलतदादांची स्टिक बॉलला नुसती सांगून यायची. मग तो बॉल त्या पिवळ्या उजेडातून, स्वतःची छोटी सावली बरोबर घेऊन, कसलीही घाई नसल्यासारखा चालत राहायचा. आणि शेवटच्या वीतभर अंतरात, जिथे त्याचा जोर संपत आलेला असे, तिथे तो अलगद खिडकीकडे मान वळवून पॉकेटात उतरायचा. ते वळणं पाहायला मी कामावरचा सगळा शीण घेऊन चार मजली जिना चढलो असतो. हॉल पहिल्याच मजल्यावर होता, ती गोष्ट वेगळी.

त्या वळण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खिडकीच्या बाजूची जमीन कधीतरी खचली होती आणि टेबल त्या कोपऱ्याकडे अगदी केसभर कललेलं होतं. जोरात मारणाऱ्याला ते जाणवत नसे. हळू मारणाऱ्याचा बॉल मात्र खिडकीकडे जायचा म्हणजे जायचाच. दौलतदादांनी त्या टेबलावर पंधरा वर्षं काढली होती, तो उतार त्यांच्या मनगटात जाऊन बसला होता. बोटभर अलीकडे नेम धरायचा आणि बाकीचं टेबलावर सोपवायचं. दुसऱ्यांच्या हॉलात मात्र ते हटकून हरत. आम्ही म्हणायचो, परक्या ठिकाणी माणूस बुजतो. ते म्हणत, "तिकडची जमीन येगळी हाय." डोंगरातल्या माणसाचं बोलणं म्हणून आम्ही ते सोडून देत असू.

हॉलच्या भिंतीवर खैरनारने एक लाकडी फळा लावून ठेवला होता. वर पांढऱ्या रंगात 'विजेते' असं लिहिलेलं, खाली सहा वर्षं नुसता काळा रंग. आमचा हॉल ज्या वर्षी लीग जिंकेल त्या वर्षीच्या पाच जणांची नावं पेंटरकडून तिथे लिहून घ्यायची, असा त्याचा नवस. आम्हाला त्या फळ्याची थट्टा सुचे. दौलतदादांनी कधी केली नाही. त्या माघात आम्ही नशिबाने, आणि दोन संघांतले लोक एका लग्नाला गेल्याने, अंतिम सामन्यापर्यंत पोचलो तेव्हा एका संध्याकाळी ते फळ्यापुढे उभे होते. शिमग्याला ते कंपनी सोडून कायमचे गावी जाणार होते, वय झालं होतं. मला म्हणाले, "फिटर, पस्तीस वर्षं झाली मला सातपुरात. खोली दुसऱ्याच्या नावाची, लाइटबिल दुसऱ्याच्या नावाचं, कंपनीत नंबर. हितं माझं नाव कुठंच लिवलेलं नाय. ह्यावर लागलं तर बरं व्हईल." इतकं सरळ त्यांनी मला पूर्वी कधी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, लागेल की.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. नवीन यंत्र आलं की त्याला पाणसळीत बसवायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. जॅकने कोपरा उचलायचा, खाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची, लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरायचा. ही सवय हाडात मुरते. आमच्या घरी शेगडीखाली पुठ्ठा मी लावलाय, कपाटाखाली पट्टी मी लावलीय. ही पाहुण्यांना सांगते, देवघरातले देवसुद्धा यांनी लेव्हल लावून बसवलेत, नैवेद्याची वाटी कलंडायची काय बिशाद. अशा माणसाच्या हॉलात कललेलं टेबल. उपान्त्य सामन्याच्या दिवशी नाशिक रोडच्या संघाचे कॅप्टन पाहायला आले होते; अंतिम सामना आमच्याच हॉलात होता आणि समोर त्यांचाच संघ. सरकारी नोकरीतून निवृत्त, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, बोलणं गोड. दौलतदादांचा बॉल वळलेला पाहून ते मला म्हणाले, "तुम्ही कंपनीत मशीन लेव्हल करता म्हणे. मग हे टेबल काय ब्रह्मगिरीवरनं घरंगळत आणलंत का?" सगळे हसले, दौलतदादाही हसले. मला ते झोंबलं. लोहाराची खुर्पी बोथट म्हणतात, तशातली गत.

मग मी ठरवलं, जाणाऱ्या माणसाला काहीतरी द्यायचं. शाल आणि श्रीफळ कंपनी देईल, नाही दिलं तरी कुणी विचारणार नाही. मी देईन ते माझ्या हातचं असेल. दौलतदादा शुक्रवारी पुतण्याच्या साखरपुड्याला गावी गेले, रविवारी दुपारच्या एसटीने थेट सामन्यालाच येणार होते. शनिवारी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, मी खैरनारकडून किल्ली घेतली आणि लेव्हल, छोटा जॅक आणि पत्र्याच्या पट्ट्या घेऊन टेबलाखाली शिरलो. अडीच तास लागले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. पण शेवटी तो बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला, आणि मी टेबलावर बॉल ठेवून फुंकर मारली तर तो सरळ, अगदी सरळ गेला. आयुष्यात क्वचित एखादं काम असं साधतं. खिडकीकडच्या पायाखाली नवी चकचकीत पट्टी तेवढी दिसत होती. दुपारी खेळून गेलेल्या बाकीच्यांना मी बजावलं, दादांना सांगू नका, त्यांना आपोआप कळू दे. ते म्हणाले, टेबल झकास झालंय. ते सगळे जोरात मारणारे होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, ही माझी अक्कल.

रविवारी चार वाजता सामना सुरू झाला. दौलतदादा आले तेव्हा पहिला डाव चालू होता. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर साखरपुड्याचं कुंकू अजून तसंच. दोन डाव आम्ही घेतले, दोन त्यांनी. पाचवा, शेवटचा, दौलतदादांचा. समोर ते इस्त्रीचे कॅप्टन. ऊन खिडकीतून आत येऊन टेबलाच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. दादा उठले आणि नेहमीप्रमाणे कडेकडेने हात फिरवायला लागले. मी वाट पाहत होतो. दारापासून भिंतीपर्यंत हात आपल्या चालीने आला, भिंतीकडून खिडकीकडे निघाला, आणि खिडकीच्या कोपऱ्याशी थांबला. मागे गेला, पुन्हा तिथे आला, पुन्हा थांबला. त्यांनी खाली वाकून पायाकडे पाहिलं. पट्टी उन्हात चमकत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूर्खासारखा हसलो आणि मान हलवली, आवडलं का असं विचारावं तशी.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान मला तेव्हाच कळलं असतं. उन्हातान्हात चालून आल्यावर पाण्याचा माठ रिकामा निघाला की माणूस जसा नुसता उभा राहतो, तसे ते थोडा वेळ उभे राहिले आणि स्टिक घेऊन खेळायला लागले. पहिला बॉल चुकला. दुसरा चुकला. हळू निघालेला बॉल शेवटच्या वीतभरात वळण्याची वाट पाहत सरळच जायचा आणि पॉकेटच्या शेजारी जाऊन थांबायचा, चुकीच्या दारात पत्ता विचारायला थांबल्यासारखा. मला सगळं एकदम कळलं. पंधरा वर्षांत जे त्यांनी कमावलं होतं ते मी अडीच तासांत, पट्ट्या सारून, काढून घेतलं होतं.

थांबा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण काय म्हणणार? पंचांना सांगू, की टेबल सरळ आहे म्हणून तक्रार आहे? दादांनी मात्र हळूहळू स्वतःला आवरलं. चार बॉल जोरात मारून घातले, त्यांच्या स्वभावाबाहेर जाऊन, दात आवळून. पलीकडचे कॅप्टनही घाबरून चुकत गेले. करता करता दादांचा एकच बॉल उरला, काळा, आठ नंबरचा. टेबलाच्या मधोमध होता आणि समोर खिडकीचं पॉकेट होतं. हा घातला की डाव, सामना, लीग, फळा. हा बॉल त्यांनी त्या पॉकेटात हजारदा घातला असेल.

ते वाकले. नेम धरला, बोटभर अलीकडे. थांबले. नेम सरळ केला. पुन्हा थांबले. ग्राइंडरसमोर मी त्यांना असं दोनदा ताडताना कधी पाहिलं नव्हतं. डोक्याला कळलं होतं, हाताला कसं कळावं? शेवटी त्यांनी मारला, हळू, त्यांच्याच चालीने. काळा बॉल त्या उजेडातून सावलीसकट निघाला. पार टोकापर्यंत गेला. आम्ही पाचही जणांनी, आणि मला वाटतं नाशिक रोडवाल्यांनीसुद्धा, माना खिडकीकडे कलवल्या. बॉल कलला नाही. पॉकेटच्या तोंडाशी, अलीकडच्या कडेला टेकून तो उभा राहिला. पुढच्या फटक्याला कॅप्टनांनी त्यांचा उरलेला बॉल घातला आणि मग तो काळा.

हस्तांदोलनं झाली, फोटो झाले. खैरनारने फळ्याकडे पाहिलंही नाही, त्याने चहा मागवला. मी खुर्चीत बसून राहिलो. दौलतदादा पेला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मला विचारायला हवं होतं." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काम लय भारी केलंय तुमी, फिटर. येक केसभर फरक नाय." आणि ते खरंच तसं म्हणत होते. एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती दाद होती. आयुष्यात माझ्या कामाचं कुणी इतकं नेमकं कौतुक केलं नव्हतं, आणि कौतुक ऐकून मरावंसंही मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

शिमग्याच्या आधी ते गेले. एक ट्रंक, दोन गोण्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं खडूचं एक चौकोनी ढेकूळ, अर्धं झिजलेलं. एसटी त्र्यंबकच्या फाट्याला न वळता पेठच्या रस्त्याने गेली. मी परत येताना हॉलवर गेलो नाही. मग बरेच दिवस गेलोच नाही. हिने विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, गुडघे.

चैत्रात एका सकाळी मी पुन्हा किल्ली मागितली. खैरनार टेबलाशी उभा राहून बघत होता. मी जॅक लावून कोपरा उचलला आणि पट्टी ओढायला लागलो, तेव्हा त्याला राहवेना. "आते कसाले, फिटर?" आता कशाला, हे मलाही माहीत नव्हतं. नीट बसवलेली वस्तू हाताने कललेली करण्याचं काम मी जन्मात पहिल्यांदाच करत होतो, आणि हात ऐकत नव्हते. पट्टी निघाली. टेबल पुन्हा खिडकीकडे झुकलं. मी बॉल ठेवून हळूच ढकलला. तो गेला, रेंगाळला, आणि शेवटच्या वीतभरात मान वळवून खिडकीकडे निघाला. खैरनार म्हणाला, "चालला बघा भोयेकडे."

तेव्हापासून तो शब्द रूढ झाला. हॉलात आता खिडकीकडे वळलेल्या बॉलला सगळे तसंच म्हणतात. मी पुन्हा दर रविवारी जातो. अजून वाईटच खेळतो. हळू मारायचा प्रयत्न करतो, बोटभर अलीकडे नेम धरून. फळा अजून कोराच आहे.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त बँकवाले गृहस्थ लीगमध्ये नाव घालायला आले. माझ्यासारखेच, घरात जागा न उरलेले. अर्ज भरून झाल्यावर त्यांनी एक बॉल मारून पाहिला आणि तो वळला. खैरनार गल्ल्यामागून म्हणाला, "साहेब, तो भोयेकडे जातो. बोटभर अलीकडे धरा." गृहस्थांनी खिडकीतून लांब, डोंगरांच्या दिशेला पाहिलं आणि सहज विचारलं, "भोये हे तिकडचं गाव आहे का?"

मी म्हटलं, "माणूस आहे." त्यांनी बरं म्हणून मान हलवली आणि स्टिकला खडू लावायला लागले. मला पुढे पुष्कळ सांगायचं होतं, पण दमायला झालं. आत्ता या वेळी तो माणूस पेठच्या पलीकडे कुठल्या तरी उतारावरच्या वावरात उभा असेल, आणि इथे त्याच्या नावाने बॉल वळतोय याची त्याला खबर नसेल. काळाचाही धंदा माझ्यासारखाच. माणूस गेला की तो सगळं सपाट करत आणतो, आणि त्याच्या हातून कुठे वीतभर उतार राहून गेला तर तेवढीच आपली आठवण.